पोटखराब्यातलं नेपियर: एका शेतकरी गटाने जमिनीतल्या कार्बनचा हिशेब कसा घातला

हे प्रकरण खरं आहे. गाव, माणसं आणि कंपनी ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत आणि एक-दोन तपशील इकडेतिकडे केले आहेत. मी यात माती तपासणारी म्हणून होते. काही चुका माझ्याही आहेत, त्या जिथल्या तिथे सांगते.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यातलं हे गाव. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, त्यातला मोठा वाटा परतीच्या पावसाचा. शेतकरी गट ४१ जणांचा. गटाकडची जमीन तीन थरांत मांडली की सगळं समजतं.

ओढ्याकडची जमीन काळी, विहिरीची, मका-उसाची. तिला हात लावायला कुणी तयार नव्हतं आणि ते बरोबरच होतं. मधली पट्टी मुरमाड. वीत-दीड वीत माती, खाली मुरूम. पिढ्यान्‌पिढ्या बाजरी, मटकी, हुलगा. बैल गेले तसं शेणखतही गेलं, आणि बाजरीचं सरमाड मुळाशी कापून गोठ्यात किंवा विकायला जातं. म्हणजे वरून काही पडत नाही आणि खालून दरवर्षी थोडं निघून जातं. सर्वांत वर माळ. सात-बारावर पोटखराबा, म्हणजे लागवडीलायक नाही अशी नोंद. कुसळी, पवना, मधूनमधून मारवेल, अशी रानगवतं. तीस-चाळीस वर्षांत तिथे नांगर गेलेला नाही. दिवाळीनंतर धनगरांची मेंढरं तिथे बसतात.

२०२१ च्या दिवाळीनंतर एका कंपनीची माणसं आली. ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राच्या ‘सतत’ योजनेमुळे बायोगॅसपासून सीएनजी बनवण्याला जोर आला होता. तेल कंपन्या सुरुवातीला किलोला ४६ रुपये दर देणार होत्या. कंपनीला कच्चा माल म्हणून नेपियर गवत हवं होतं. दहा वर्षांचा करार, टनावर ठरलेला भाव, आणि वर ‘जमिनीत साठणाऱ्या कार्बनचे पैसे’. त्यांची नजर वरच्या माळावर होती. पडीक जमीन, अन्नधान्याशी स्पर्धा नाही, असं त्यांच्या सादरीकरणात दोन ठिकाणी लिहिलं होतं.

गटाच्या सचिवांनी मला फोन केला. “मॅडम, एवढं एकदा बघून द्या. सही करायची का न्हाई, तेवढं सांगा.”

पहिल्याच बैठकीत गटाचे अध्यक्ष आण्णा मागच्या रांगेत बसून हसत होते. का, म्हणून विचारलं. “मागं मोगली एरंड लावला हुता की. त्याचं डिझेल निघणार हुतं. शेळीबी तोंड लावत न्हाई त्याला.” २००३ नंतर देशभर जट्रोफाची, म्हणजे याच मोगली एरंडाची, जी लाट आली होती, तिचे चार वाळके खुंट अजून त्यांच्या बांधावर आहेत. आण्णांचा नेपियरला विरोध नव्हता. पडीक जमिनीवर बाहेरच्या माणसाने सोनं पिकवून देण्याची भाषा त्यांनी एकदा ऐकली होती, एवढंच.

अडचण काय होती

भावाबद्दल मला फार कळत नाही. मला खटकला तो कार्बनचा आकडा. हेक्टरी वर्षाला ४ टन कार्बन डायऑक्साइड जमिनीत साठेल, असं कंपनीचं म्हणणं. कार्बनमध्ये रूपांतर करायचं तर ३.६७ ने भागायचं, साधारण १.१ टन कार्बन. दहा वर्षांत ११ टन. हे मोठं की छोटं, हे आज जमिनीत किती आहे यावर ठरतं. कंपनीकडे त्याचंही उत्तर तयार होतं: मधल्या पट्टीतल्या मातीत १.७ टक्के कार्बन, म्हणजे हेक्टरी ७४ टन.

१.७ टक्के हा आकडा वाचून मी नमुना क्रमांक पुन्हा तपासला. आपल्याकडे मातीच्या अहवालात ०.४ टक्क्यांच्या खाली ‘कमी’ आणि १ टक्क्याच्या वर ‘अत्यंत जास्त’ असा शेरा पडतो. बाजरीच्या मुरमाड रानात १.७ टक्के असेल, तर तिथे बाजरी कशाला, आम्ही सगळे तिथे भाजी लावू.

त्याच रानात गेले. ढेकूळ हातात घेतलं, त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकले. माती फसफसली, सोड्यावर लिंबू पिळावं तशी. चुनखडी. कंपनीच्या प्रयोगशाळेने माती भट्टीत जाळून एकूण कार्बन मोजला होता. त्या पद्धतीत चुनखडीतला कार्बनही मोजला जातो, आधी आम्लाने तो काढून टाकला नाही तर. आमच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत वॉकली-ब्लॅक पद्धतीने, म्हणजे डायक्रोमेटने मोजतात. ती चुनखडीला शिवत नाही, पण सेंद्रिय कार्बनही तीन-चतुर्थांशाच्या आसपासच पकडते, म्हणून आकडा १.३ ने गुणायचा असतो. काही प्रयोगशाळा गुणून देतात, काही नाही, आणि अहवालावर तसं लिहायची पद्धत नाही.

आमचा आकडा आला ०.४२. गुणून ०.५५. चुनखडी निघाली साडेनऊ टक्के. चुनखडीत वजनाच्या १२ टक्के कार्बन असतो, म्हणजे १.१४. दोन्ही मिळून १.६९. कंपनीच्या प्रयोगशाळेने खोटं काही केलं नव्हतं. त्यांनी दगडातला आणि मुळांतला कार्बन एकाच पिशवीत भरला होता.

खरा धोका पुढे होता. करारात लिहिलं होतं की तपासणी ‘मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, प्रचलित पद्धतीने’ होईल. सुरुवातीला वॉकली-ब्लॅक आणि शेवटी भट्टी, असं कधी झालं तर एक काडी न लावताही जमिनीतला कार्बन चौपट दिसेल. उलट क्रमाने झालं तर शेतकऱ्याने कार्बन चोरला असं दिसेल.

खड्ड्यातलं पाणी

टक्केवारीवरून हेक्टरी टन काढायला मातीची घनता आणि खोली लागते. टक्के गुणिले घनता गुणिले खोली सेंटिमीटरमध्ये, की हेक्टरी टन मिळतात. कंपनीने खोली ३० सेंटिमीटर धरली होती, घनता १.४५. दगड धरलेच नव्हते.

घनतेसाठी पोलादी नळकांडं जमिनीत ठोकायचं असतं. मधल्या पट्टीत ते दोन बोटं गेलं आणि वाकलं. मग जुनी पद्धत केली. फूटभर रुंद खड्डा, निघालेली सगळी माती पोत्यात, खड्ड्याला आतून पातळ प्लॅस्टिक लावलं आणि काठापर्यंत मापाने पाणी ओतलं. पाणी किती बसलं ते खड्ड्याचं आकारमान. पोत्यातली माती वाळवून २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढली. वर राहिलेला मुरूम आकारमानाने ३५ टक्के भरला. कार्बन जो काही आहे तो चाळणीखालच्या मातीत. आणि खोली? २५ सेंटिमीटरला पहार खणखणली.

आता तोच हिशेब: ०.५५ गुणिले १.४५ गुणिले २५, त्यातून ३५ टक्के दगड वजा. हेक्टरी १३ टन. कंपनीच्या कागदावर ७४.

हे फळ्यावर लिहिलं तेव्हा गटातली एक ताई म्हणाली, “म्हणजे आमची जमीन गरीब हाय हे म्हाईत हुतं, पण एवढी?” मला वाटतं त्या बैठकीतला हाच सर्वांत कामाचा प्रश्न होता, कारण यावर कंपनीच्या माणसाने जे उत्तर दिलं ते नेहमीचं उत्तर आहे: जमीन गरीब असेल तेवढा साठवायला वाव जास्त.

हे अर्धंच खरं. सेंद्रिय कार्बन मातीत टिकतो तो मुख्यतः चिकणमातीच्या बारीक कणांना चिकटून आणि मातीच्या खड्यांत बंद होऊन. खोल काळ्या रानात चिकणमाती भरपूर, म्हणून तिथे तो धरून ठेवायची जागाही भरपूर. मुरमाड रानात चिकणमातीच कमी आणि माती वीतभर. भांडं रिकामं आहे खरं, पण भांडं लहानही आहे. १३ टनांच्या जमिनीत दहा वर्षांत ११ टन घालायचे म्हणजे कार्बन जवळजवळ दुप्पट करायचा. तोही अशा उन्हात, जिथे पडलेलं पान एका पावसाळ्यात कुजून जातं.

दुसरी गोष्ट नत्राची. मातीतल्या सेंद्रिय पदार्थात साधारण १२ भाग कार्बनला १ भाग नत्र असतं. ११ टन कार्बन टिकवायचा तर त्याच्याबरोबर ९०० किलोंवर नत्र मातीत अडकून पडायला हवं. युरियात सांगायचं तर सुमारे २ टन, ४५ किलोच्या चव्वेचाळीस गोण्या, प्रत्येक हेक्टरला. आणि हे पिकाला लागेल त्याच्या वेगळं, कारण नेपियर कापून गाडीत भरताना त्यातलं नत्र आणि पालाश गाडीतूनच जातं.

कंपनीच्या वेळापत्रकात हेक्टरी वर्षाला ३०० किलो नत्र होतं. दिलेल्या नत्रापैकी साधारण १ टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन उडतं असं हिशेबात धरतात, आणि हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या पावणेतीनशे पट ताप वाढवतो. म्हणजे नुसत्या खतामुळे हेक्टरी वर्षाला १.३ टन कार्बन डायऑक्साइडइतका भार. युरिया बनवतानाचा धरलेलाच नाही. आता समजा जमिनीत खरोखर वर्षाला ०.४ टन कार्बन साठला, जो अशा जमिनीसाठी मी चांगला मानेन. त्याचे होतात १.५ टन कार्बन डायऑक्साइड. एका हाताने १.५ साठवले, दुसऱ्याने १.३ सोडले.

माळ की मधली पट्टी

इथपर्यंत प्रश्न किती साठेल याचा होता. कुठे लावायचं, हा प्रश्न माझ्या दृष्टीने त्याहून मोठा होता, आणि कंपनीच्या कागदावर तो प्रश्नच नव्हता.

वरच्या माळावर आम्ही तीन खड्डे घेतले. वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये ०.८१ टक्के (न गुणलेला आकडा), खाली कमी होत गेलेला. मधल्या पट्टीच्या जवळजवळ दुप्पट. कारण साधं आहे: तिथे बहुवर्षायू गवत आधीपासूनच आहे. पवन्याची मुळं चाळीस वर्षं तेच काम करताहेत ज्याचे पैसे आता नेपियरला मिळणार होते. सात-बारावर जे पडीक, ते कार्बनच्या दृष्टीने गावातल्या कोरडवाहूतलं सर्वांत भरलेलं रान निघालं.

युरोपात मिस्कॅन्थस नावाच्या उंच गवताची ऊर्जेसाठी लागवड होते, तिथेही हेच दिसलेलं आहे. धान्याच्या रानात लावलं तर जमिनीतला कार्बन हळूहळू वाढतो. जुनं कुरण मोडून लावलं तर वाढ दिसत नाही, सुरुवातीला उलट घट होते. नांगराने मातीचे खडे फुटतात, आत कोंडलेला सेंद्रिय पदार्थ जिवाणूंच्या हाती लागतो. गवत पुन्हा कितीही जोमाने वाढलं तरी आधी ती घट भरून काढावी लागते. जमिनीकडून उचल घेण्यासारखंच आहे हे. उचल एका दिवसात मिळते, फेडायला वर्षं लागतात.

समोर असलेले पर्याय

पहिला, कंपनीचा करार जसाच्या तसा. माळावर ३५ एकर आणि मधल्या पट्टीत जेवढं मिळेल तेवढं नेपियर, ठिबकवर. गटातल्या तरुणांचा याकडे कल होता. त्यांना दोष देता येत नाही. बाजरीने कुणाचं कर्ज फिटलेलं नाही.

दुसरा, सरळ नाही म्हणायचं. आण्णांना हा चालला असता.

तिसरा बांबूचा. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात बदल होऊन वनाबाहेरचा बांबू ‘झाडा’च्या व्याख्येतून निघाला, तेव्हापासून तोडणी-वाहतुकीची कटकट कमी झाली आहे. कोरडवाहूला मानवेल जात चालते. पण पहिली दोन वर्षं पाणी द्यावं लागतं आणि चार-पाच वर्षं हातात काही येत नाही.

चौथा पर्याय बैठकीतच घडत गेला. माळाला हात लावायचा नाही. मधल्या पट्टीतल्या सर्वांत झिजलेल्या २२ एकरांपैकी शेततळ्याच्या खालच्या ६ एकरांत नेपियर, उरलेल्या १६ एकरांत सुधारित मारवेल आणि त्यात स्टायलो. स्टायलो द्विदल आहे, हवेतलं नत्र बांधतं. वरच्या गोण्यांच्या हिशेबाला दुसरं उत्तर मला सापडलं नाही. बांधांवर मानवेल. नेपियर गॅससाठी आणि वाळलेलं मारवेल औद्योगिक वसाहतीतल्या पांढऱ्या कोळशाच्या, म्हणजे भुसा-काडीकचरा दाबून इंधनाच्या कांड्या बनवणाऱ्या, कारखान्याला. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने औष्णिक केंद्रांना कोळशात ५ टक्के बायोमास मिसळण्याचं धोरण आणल्यावर अशा कारखान्यांची मागणी वाढली होती. गवताची राख जास्त पडते म्हणून भाव लाकडाच्या भुश्शापेक्षा कमी मिळणार, हे त्यांनी आधीच सांगितलं.

यात कंपनीला रस कमी होता. सहा एकरांसाठी गाडी कोण पाठवणार? हिरव्या नेपियरमध्ये चार-पंचमांश पाणीच असतं. लांबून आणलं तर डिझेल पाणी वाहण्यात जातं. शेवटी शेजारच्या दोन गावांतलं बागायती नेपियर एकत्र करून गाडी भरेल, असं ठरलं.

निर्णय आणि करारातली चार वाक्यं

मार्च २०२२ मध्ये चौथा पर्याय ठरला. करारावर तीन बैठका झाल्या. आम्ही चार गोष्टी घालून घेतल्या.

मातीची तपासणी सुरुवातीला आणि शेवटी एकाच पद्धतीने, चुनखडी वगळून, दगड वजा करून, ठरलेल्या खुणांवरच होईल. गॅस काढल्यावर उरलेली स्लरी गटाला परत मिळेल. शेवटच्या कापणीत वीतभर बुडखे ठेवायचे. आणि दुष्काळ पडला तर गवत वैरण म्हणून वापरायची गटाला मुभा राहील.

कार्बनच्या पैशांचं कलम आम्ही काढूनच टाकलं. तेव्हा तरुण सभासद नाराज झाले. माझा मुद्दा असा होता की तीन-पाच वर्षांत एवढा छोटा बदल आपल्याला मोजताच येणार नाही, आणि जे मोजता येत नाही ते दहा वर्षांच्या बोलीवर विकायचं नसतं. शिवाय नेपियरचे ठोंब काही वर्षांनी म्हातारे होतात, रान पुन्हा मोडावं लागतं. तेव्हा साठलेल्यातलं किती उडेल, याची जबाबदारी करारात शेतकऱ्यावर होती.

एका सभासदाला हे पटलं नाही. त्याने माळावरच्या स्वतःच्या ४ एकरांचा कंपनीशी वेगळा करार केला. जेसीबीने दगड काढले, पल्टी नांगर घातला, बोअर मारून ठिबक केलं आणि नेपियर लावलं. गटाने त्याला अडवलं नाही. अडवायला हवं होतं का? जमीन त्याची होती. मी त्याला खड्ड्याचे आकडे दाखवले, पण बाजरीपेक्षा जास्त पैसे कसे मिळतील याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि कंपनीकडे होतं.

काय घडलं

लागवड २०२२ च्या जुलैत झाली. मारवेल पहिल्या वर्षी गाजरगवतात दिसेना. दोनदा खुरपणी झाली, तिचा खर्च कुणी धरला नव्हता. स्टायलो मात्र मुरमात छान बसलं.

२०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला. ३१ ऑक्टोबरला सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, आमचा तालुका त्यात नव्हता. पुढे नोव्हेंबरात राज्यातल्या हजारावर महसूल मंडळांत ‘दुष्काळसदृश’ परिस्थिती जाहीर झाली, त्यात आमचं मंडळ आलं. आता करारात शब्द होता ‘दुष्काळ’. कंपनी म्हणाली, सदृश म्हणजे दुष्काळ नव्हे. वैरणीचा भाव चढत होता, गोठ्यात जनावरं हंबरत होती आणि आम्ही एका विशेषणावर भांडत होतो. तो शब्द मीच मसुद्यात घातला होता. ‘गटाच्या ठरावानुसार वैरणटंचाई’ असं लिहिलं असतं तर एवढा घोळ झाला नसता.

गटाने शेवटी गवत जनावरांना घातलं. कंपनीने त्या हंगामाचे पैसे कापले आणि विषय सोडून दिला, कारण त्यांचा प्रकल्पही वेळेवर सुरू झाला नव्हता. स्लरी दोन वर्षांत एकदाच आली, तीही पातळ, टँकरमधून. ऊर्जेचं पीक म्हणून लावलेल्या गवतापैकी तीन वर्षांत निम्म्याहून कमी ऊर्जेसाठी गेलं, असा माझा अंदाज आहे. बाकी शेणातून फिरून काही अंशी त्याच रानात आलं.

माळावरच्या चार एकरांचं बोअर फेब्रुवारी २०२४ मध्ये आटलं. नेपियर तिथे आडवं झालं. त्या उन्हाळ्यात मी गेले तेव्हा ठिबकच्या नळ्या गुंडाळून बांधावर ठेवल्या होत्या आणि रानात वाळलेले ठोंब आणि उघडी, पांढुरकी माती होती. पावसात तिथे गाजरगवत आलं. पवना परत आला नाही.

मोजणीत काय दिसलं

दुसरी मोजणी २०२५ च्या मे महिन्यात करायची होती, कारण पहिली कोरड्या रानात झाली होती. पण त्या मेमध्ये वळवाचा असा पाऊस लागला की रानात पाय ठरेना. नमुने नोव्हेंबरात घेतले. म्हणजे एक उन्हाळ्याचा आकडा आणि एक पावसानंतरचा, मुळं ताजी असतानाचा. ही तुलना सरळ नाही, हे आधी सांगून मग आकडे देते.

मारवेल-स्टायलोच्या रानात वरचा थर ०.४२ वरून ०.४७. नेपियरच्या सहा एकरांत ०.४४ वरून ०.४६. गटात आनंद झाला. मी त्यांना त्याच रानातल्या आठ खड्ड्यांचे वेगवेगळे आकडे दाखवले: सर्वांत कमी ०.३३, सर्वांत जास्त ०.५४. एकाच रानात एवढा फरक असेल, तर तीन वर्षांतली ०.०५ ची वाढ खरी की खड्ड्याच्या जागेची, हे सांगता येत नाही. वाढ झाली नसेल असं नाही. ती सिद्ध होत नाही.

माळावरच्या नांगरलेल्या चार एकरांत ०.८१ चे ०.६२ झाले. हा फरक खड्ड्याखड्ड्यातल्या फरकापेक्षा मोठा होता, तिथे शंका नाही. दगड उचलल्यामुळे घनतेचा हिशेब गुंतला आहे, म्हणून ढोबळच सांगते: हेक्टरी सव्वातीन-साडेतीन टन कार्बन गेला. वर्षाला ०.४ टनाने भरून काढायचा म्हटलं तरी आठ वर्षं लागतील, आणि भरून काढायला तिथे आता गवतच नाही.

आकड्यांत न बसणारी एक गोष्ट. मारवेलच्या रानात नोव्हेंबरात खड्डा घेतला तेव्हा २५ सेंटिमीटरखाली, जिथे माझी पहार खणखणली होती, मुरमाच्या भेगांमधून पांढरी केसासारखी मुळं खाली गेलेली दिसली. कुदळीने मुरमाचा खपला काढला, तर त्याच्या पाठीवर मुळांची जाळी. त्या भेगेतल्या चिमूटभर मातीचा रंग वरच्यापेक्षा गडद होता. आमच्या हिशेबात २५ सेंटिमीटरखाली काहीच नाही, म्हणून हा कार्बन कुठे धरलेलाच नाही. तो किती, हे मोजायला मुरूम फोडून चाळावा लागेल. पुढच्या वेळी तसं करायचं ठरवलं आहे. मेच्या पावसात या रानातून पाणी वाहून गेलं नाही, शेजारच्या बाजरीच्या रानात घळ पडली, हे आण्णांनी मला हाताला धरून नेऊन दाखवलं.

पुन्हा करायचं झालं तर

सर्वांत मोठी चूक माझी. तुलनेसाठी बाजरीचं एक रान सुरुवातीपासून खुणा करून ठेवायला हवं होतं. नाही ठेवलं. त्यामुळे आज ०.४७ हा आकडा आहे, पण गवत न लावता काय झालं असतं ते माहीत नाही. बाजरीच्या रानात तो आणखी घसरला असेल तर न घसरणं हाही फायदाच, आणि तो आम्ही हातचा घालवला.

खड्डे बैठकीच्या आधी घ्यायला हवे होते. सहा आठवडे लोक ७४ टनांवर चर्चा करत होते. एकदा डोक्यात बसलेला आकडा १३ ने पुसला जात नाही. आजही एक-दोघे ‘मॅडमनी कमी दाखवलं’ म्हणतात.

धनगरांना आम्ही विचारलंच नाही. ते गटाचे सभासद नव्हते आणि बैठका झाल्या तेव्हा त्यांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरते तळ, कोकणाच्या वाटेला होते. माळ वाचवायचं ठरलं तेव्हा त्यांचं चराऊ रान आपोआप वाचलं, पण मधल्या पट्टीत पूर्वी सुगीनंतर मेंढरं बसायची, लेंडी पडायची, ते गवताला राखण घातल्यावर थांबलं. नत्राच्या गोण्या मोजताना मी लेंड्या मोजल्या नाहीत. २०२४ च्या दिवाळीनंतर एक म्हातारे गृहस्थ बांधावर उभे राहून मला म्हणाले, “बाई, कुपाटी घातली तुमी, बरं केलं. खत कोन टाकनार आता?” गटाने यंदा शेवटच्या कापणीनंतर पंधरा दिवस मेंढरं बसवायचं ठरवलं आहे. त्यावर कार्बनचं काय होईल ते पुढच्या खड्ड्यात दिसेल.

चार एकरवाल्या सभासदाला आता पवन्याचं बी हवं आहे. माळावरून वेचून आणलेलं अर्धं पोतं त्याच्या घरी आहे. दुबार नांगरायचं का तसंच फेकायचं, असं त्याने विचारलं. नांगरू नकोस, म्हटलं.

नोव्हेंबरात आम्ही आठही खड्ड्यांच्या जागी फूटभर लोखंडी गज गाडले, वर रंग दिला, अंतरं बांधापासून पावलांत मोजून गटाच्या ठराववहीत लिहिली. पुढची मोजणी २०३२ च्या मेमध्ये. आण्णांनी वही मिटता मिटता सचिवांना सांगितलं, “माप पावलांत नको लिव्हू, फुटांत लिव्ह. तवा पावलं माझी नसत्याल.”